न साकळलेल्या रक्ताची गोष्ट

दिवाळीचा पहिला दिवा आपण गाईवासरापुढे लावतो. वसुबारशीच्या संध्याकाळी सवत्स धेनूच्या कपाळी हळदकुंकू लागते, केळीच्या पानावर भात आणि उडदाचे वडे तिच्यापुढे येतात आणि घरातल्या बायका त्या दिवशी दूधतूप तोंडात घालीत नाहीत. तो दिवस वासराचा. गाईचे ऋण म्हटले की आपल्याला दूध आठवते, शेणखत आठवते, नांगराला जुंपलेला तिचा पुत्र आठवतो. तिच्या रक्ताचे ऋण मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसते. हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या दारातून परत आलेली असंख्य माणसे ज्या औषधावर जगली, ते औषध शंभर वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेतल्या गोठ्यांत रक्त वाहून मेलेल्या गाईंच्या पायी माणसाला सापडले. यंदाच्या सणाला त्या गाईंची आणि त्यांच्या मरणाचे कारण हुडकणाऱ्या एका पशुवैद्याची हकीगत सांगावी असे मनात आहे.

मी इतिहासाचा मास्तर. वैद्यकाशी माझा संबंध आला तो रोग्याच्या बाजूने. हृदयाची एक झडप बदलून घ्यावी लागली आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी एक चिमुकली गोळी घेण्याचे व्रत मागे लागले. ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ असे तिला सगळे म्हणतात. खरे पाहता तिने रक्त पातळ होत नाही. दुधात पाणी घालावे तसला तो प्रकार नाही. रक्त साकळायला जो वेळ लागतो तेवढा ती लांबवते. गोळीबरोबर पथ्याचा एक कागद मिळाला. पालक, मेथी आणि इतर हिरव्या पालेभाज्या रोज सारख्याच बेताने खाव्या, एकदम वाढवू नयेत की सोडू नयेत, असे त्यात बजावलेले होते. आणि औषधाच्या दुकानातल्या गृहस्थांनी पुडी बांधता बांधता सांगितले, “मास्तर, हे मुळात उंदरांचे विष बरं का!” असे वाक्य ऐकून रोग्याला धडकी भरावी, इतिहासाच्या मास्तराचे कुतूहल मात्र त्याने चाळवले. विषाचे औषध कसे झाले? पालेभाजीशी त्याचे वैर कशाचे? आणि उंदरांच्या आधी ते कोणाच्या पोटात गेले होते? असे विचारीत मागे मागे गेलो, तो थेट कॅनडातल्या एका गवताच्या गंजीपाशी जाऊन पोचलो.

तिथली गोष्ट सांगण्यापूर्वी रक्त साकळते म्हणजे काय होते, एवढे थोडक्यात सांगितले पाहिजे. विळीवर बोट कापले की क्षणभर रक्ताची धार लागते आणि मग आपोआप थांबते. रक्तात तांबड्या आणि पांढऱ्या पेशींखेरीज तबकडीसारखे अगदी बारीक कण फिरत असतात. इटलीतील ट्युरिन येथील ज्युलिओ बित्सोझेरो यांनी १८८२ मध्ये गिनीपिग आणि ससे यांच्या आतड्याजवळच्या नाजूक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, आतून रक्त वाहत असतानाच हे कण पाहिले आणि वाहिनीला इजा होताच तिथे प्रथम हेच कण येऊन चिकटतात असे दाखवून दिले. मराठीत त्यांना रक्तपट्टिका म्हणतात. ‘प्लेटलेट’ हे त्यांचे इंग्रजी नाव मात्र डेंग्यूच्या साथींनी घरोघर पोचवले आहे. पाटाला भगदाड पडले की शेतकरी हाताशी असेल ते ढेकूळ, गवताची पेंढी त्यात कोंबतो. पट्टिकांचे काम तेच. पण तेवढ्याने पाणी फार वेळ अडत नाही, मागून मातीचा पक्का बांध घालावा लागतो. रक्तात तो बांध तंतूंचा असतो. यकृतात तयार होणारे प्रोथ्रॉम्बिन नावाचे द्रव्य जखमेपाशी जागे होते, त्याचे थ्रॉम्बिन बनते आणि ते रक्तात विरघळलेल्या एका प्रथिनाचे धागे विणून जाळे तयार करते. त्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की गुठळी झाली.

या दोन फळ्यांपैकी कोणतीही कोसळली तरी जनावर रक्त वाहून मरते, आणि कोणती कोसळली हे वरून पाहून कळत नाही. ब्रॅकन नावाचे नेचे पुष्कळ दिवस खाल्ले तर गुरांच्या हाडांतला मगज निकामी होतो आणि पट्टिकाच कमी पडतात. आपल्या घरच्या कुत्र्याला गोचिडीमुळे जो एर्लिकिया नावाचा ताप येतो, त्यातही पट्टिका घटतात. आमच्या गोष्टीतल्या गाईंचा दोष पट्टिकांत नव्हता. त्यांची दुसरी फळी नाहीशी झाली होती. पण एवढे एक वाक्य लिहिता यायला माणसाला दहा वर्षे खर्ची घालावी लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील सपाट गवताळ मुलखात स्वीट क्लोव्हर नावाचे वैरणीचे पीक फार लोकप्रिय झाले. मेथी आणि लसूणघास यांच्याच कुळातले हे झाड. हलक्या जमिनीत येते, थंडी आणि अवर्षण सोसते, वर जमिनीचा कसही वाढवते. कापल्यावर त्याला एक गोडसर सुवास सुटतो. तो कुमारिन नावाच्या द्रव्याचा. दोष एवढाच की त्याचे देठ जाड आणि रसाळ, लवकर वाळत नाहीत. ऐन सुगीत पाऊस लागला तर गंजीच्या पोटात ओल राहते आणि बुरशी धरते. त्या मुलखात हिवाळ्यात महिनोन् महिने जमिनीवर बर्फ असते. गुरांना बाहेर काढायची सोय नसते आणि साठवलेल्या गंजीवरच सारी भिस्त असते. थोडी बुरशी लागली म्हणून वर्षाची वैरण फेकून देणे कोणत्या शेतकऱ्याला परवडणार?

१९२१-२२ च्या सुमाराच्या हिवाळ्यांत या गोठ्यांतून एक चमत्कारिक मरण शिरले. धडधाकट दिसणारी गाय सुस्त होई, अंगावर मऊ गाठोळी येत, ती लंगडू लागे आणि एक दिवस आडवी होई. फाडून पाहावे तो कातडीखाली, स्नायूंत, पोटाच्या पोकळीत रक्तच रक्त, आणि ते न गोठलेले. कित्येकदा तर जनावराची काही तक्रारच नसे. शेतकरी नेहमीप्रमाणे शिंगे कापायला किंवा गोऱ्हे बडवायला घेई आणि ती जखम पुन्हा म्हणून बुजत नसे. एका ठिकाणी शिंगे कापलेल्या २२ गाईंपैकी २१ गेल्या. दुसरीकडे खच्ची केलेल्या २५ गोऱ्ह्यांपैकी १२ रक्त वाहून मेले. एका दिवसात गोठा रिकामा होणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरी गुरे आहेत त्याला निराळे सांगायला नको.

पहिला संशय साहजिकच साथीवर गेला. अंगावर सूज, आतून रक्तस्राव, झटपट मरण. घटसर्प असावा किंवा फऱ्या असावा, असे वाटले. ही दोन्ही नावे आपल्या गुराख्यालाही ठाऊक आहेत; पावसाळ्याच्या तोंडाशी गावोगाव लसी टोचल्या जातात त्या याच रोगांच्या. पण मौज अशी की या गुरांना साथीच्या रोगासारखा ताप नव्हता, आणि रोग एका गोठ्यात थैमान घालून कुंपणापलीकडच्या गोठ्याला शिवतही नसे.

हे कोडे ज्यांच्या हाती आले त्या डॉ. फ्रँक विल्यम स्कोफील्ड यांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे, कारण माणूस कळला म्हणजे त्याचे संशोधन निराळ्याने समजावून द्यावे लागत नाही. त्यांचा जन्म इंग्लंडातील रग्बी गावी १८८९ साली झाला. योगायोग असा की त्याच साली आपल्या पुण्यात, विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात, गुरांच्या रोगांचा अभ्यास करणारी सरकारी जंतुशाळा उघडली; तीच पुढे मुक्तेश्वरच्या पहाडात गेली आणि आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था झाली. त्या काळी साम्राज्यांना गुरांच्या रोगांची धास्ती पडली होती आणि जगभर पशुवैद्यकाला नवा भाव आला होता. स्कोफील्ड १९०७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कॅनडाला गेले, शेतावर राबले आणि ऑन्टॅरिओ पशुवैद्यक महाविद्यालयात शिरून १९१० मध्ये पदवीधर झाले. विद्यार्थिदशेतच त्यांना पोलिओने गाठले. एक हात आणि एक पाय कायमचे अधू झाले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी काठी टेकीत काढले.

१९१६ मध्ये हे गृहस्थ मिशनरी म्हणून कोरियात गेले आणि सेऊल येथील सेव्हरन्स वैद्यकीय महाविद्यालयात जंतुशास्त्र शिकवू लागले. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. १ मार्च १९१९ रोजी ३३ कोरियन पुढाऱ्यांच्या सहीने स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि निःशस्त्र लोकांचे लोंढे रस्त्यावर आले. या लंगड्या प्राध्यापकाने कॅमेरा घेऊन ते दृश्य टिपले. मग दडपशाही सुरू झाली. १३ एप्रिल १९१९ ही तारीख आपल्याला जालियनवाला बागेची म्हणून ठाऊक आहे. त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी, १५ एप्रिलला, कोरियातील जेआम-री या खेड्यात जपानी शिपायांनी गावातल्या पुरुषांना प्रार्थनामंदिरात एकत्र केले, गोळ्या घातल्या आणि इमारतीला आग लावली. गोष्ट दडपण्याचा अधिकाऱ्यांचा प्रयत्न होता. स्कोफील्ड तीनच दिवसांनी सायकल घेऊन आगगाडीने निघाले, पुढचा रस्ता अधू पायाने सायकल मारीत काटला, राख झालेले गाव डोळ्यांनी पाहिले, छायाचित्रे घेतली, वाचलेल्यांची विचारपूस केली आणि पाहिले ते लिहून बाहेरच्या जगाला कळवले. १९२० मध्ये त्यांना कोरिया सोडावा लागला. कोरियन लोकांनी मात्र त्यांना ‘चौतिसावा देशभक्त’ म्हणून आपल्यात जमा करून घेतले.

१९२१ मध्ये ते आपल्या जुन्या महाविद्यालयात रोगविकृतीचे अध्यापक म्हणून परतले. महाविद्यालय पुढच्याच वर्षी टोरॉन्टोहून ग्वेल्फला गेले. आणि तिथे त्यांच्यापुढे या रक्त न गोठणाऱ्या गाई आल्या.

आता पाहा. हा मनुष्य जंतुशास्त्र शिकलेला आणि शिकवलेला. त्या काळात जो तो रोगाच्या मुळाशी जंतूच शोधीत असे, कारण पाश्चर आणि कॉक यांच्या पिढीने तो मार्ग घालून दिला होता. पण ज्या विद्येवर आपली भाकरी, तिचे उत्तर येथे लागू नाही असे दिसल्यावर स्कोफील्ड यांनी ते बाजूला ठेवले आणि गुरे काय खातात याकडे मोर्चा वळवला. स्वीट क्लोव्हर चांगले की वाईट, असा ढोबळ प्रश्न त्यांनी केला नाही. एकाच गंजीतले देठ घेऊन त्यांनी निवडले, आपल्या घरी आजी मेथीची जुडी निवडते तसे. निरोगी देठ एका बाजूला, बुरशीने बिघडलेले दुसऱ्या बाजूला. एका सशाला चांगले देठ घातले, दुसऱ्याला बिघडलेले. पहिला ससा टुणटुणीत राहिला. दुसरा रक्तस्रावाने मेला.

या प्रयोगाला न यंत्र लागले न पैसा. पण त्यात एक विलक्षण शहाणपण होते. गंजी तीच, पीक तेच, जमीन तीच. बदलली ती एकच गोष्ट. ज्या शेतकऱ्याला आपल्या पिकावर संशय घेणे जड जात होते, त्यालाही यातून वाट मिळाली. पीक टाकू नका, कुजलेले टाका. १९२२ मध्ये त्यांनी या रोगाची पहिली हकीगत छापली आणि १९२४ मध्ये सविस्तर प्रबंध लिहिला. त्याच्या मथळ्यातच त्यांनी घटसर्प आणि फऱ्या यांचे सोंग घेणारा नवा रोग असे त्याचे वर्णन केले होते. उपायही साधे दोनच होते. बिघडलेली वैरण बंद करा, आणि वाहत्या जखमेच्या गुराला निरोगी गुराचे ताजे रक्त द्या. वैरण बंद करण्याचा गुण लगेच दिसत नसे, आणि खाल्ल्याचा अवगुणही लगेच दिसत नसे. आठवडेच्या आठवडे ते खाल्ल्यावर मग रक्त फितूर होई. म्हणूनच शेतकऱ्याला चारा आणि मरण यांचा संबंध जुळवता आला नव्हता.

पुढची पायरी चढले ते नॉर्थ डकोटातील दुसरे एक पशुवैद्य, ली रॉडरिक. रक्तात नेमके काय बिघडते याचा त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९३१ पर्यंत दाखवून दिले की या गुरांच्या रक्तात प्रोथ्रॉम्बिन उरत नाही. भगदाडात ढेकूळ पडत होते, मागून बांध घालायला माती नव्हती. दोन पशुवैद्यांनी दहा वर्षांत रोग कुठून येतो आणि कुठे घाव घालतो, हे दोन्ही सांगून टाकले. राहिले ते एवढेच, की बुरशीच्या गवतात असे कोणते द्रव्य आहे?

तो प्रश्न सुटला विस्कॉन्सिनमध्ये, आणि त्याचा आरंभ एखाद्या नाटकातला प्रवेश शोभावा असा आहे. १९३३ सालचा फेब्रुवारी महिना, शनिवार, बाहेर बर्फाचे वादळ. जागतिक मंदीने शेतकरी आधीच गांजलेला. अशा दिवशी एक शेतकरी मोटारीने सुमारे तीनशे किलोमीटर तुडवीत मॅडिसन शहरी आला. त्याच्यापाशी होती एक मेलेली कालवड, न साकळलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि शंभर पौंड बिघडलेले स्वीट क्लोव्हर. सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. उघडे दार दिसले ते विद्यापीठातील जीवरसायनाच्या इमारतीचे, आणि आत भेटले प्राध्यापक कार्ल पॉल लिंक. लिंक त्याला काय सांगणार? स्कोफील्ड आणि रॉडरिक सांगून गेले तेच: हे गवत घालू नका, जमल्यास ताजे रक्त द्या. पण घरी दुसरे गवत नाही आणि रक्त देण्याची सोय नाही, त्याला हे सांगून काय उपयोग? तो आला तसा त्या वादळात परत गेला. लिंक यांचे साहाय्यक शोफेल मात्र त्या कॅनपाशी खिळून राहिले. रक्तात पुन्हा पुन्हा हात बुडवून ते चोळून पाहत राहिले. रक्त काही गोठेना. त्या दिवशी त्या दोघांनी हा प्रश्न हाती घेतला तो सुटेपर्यंत सोडला नाही.

सुटायला सहा वर्षे लागली. बिघडलेल्या गवताचा अर्क काढायचा, सशाला द्यायचा, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचे, पुन्हा अर्क गाळायचा. असे करता करता जून १९३९ मध्ये लिंक यांचे शिष्य हॅरल्ड कॅम्पबेल यांच्या हाती शुद्ध स्फटिक आले. पुढल्या वर्षी १ एप्रिलला तेच द्रव्य प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झाले आणि खात्री पटली. त्याचे नाव डायकुमारॉल. उलगडा असा निघाला: सुगंधी कुमारिन स्वतः निरुपद्रवी, पण गवतावर बुरशी वाढली की ती कुमारिनचे रूप पालटते आणि त्या पालटलेल्या द्रव्याचे दोन दोन रेणू सांधले जाऊन डायकुमारॉल होते. ज्या सुवासावर शेतकरी भाळला, त्याचेच कुजून विष झाले होते.

आणि पालेभाज्यांचे काय? त्याचे उत्तर दूर कोपनहेगनमध्ये कोंबडीच्या पिल्लांनी देऊन ठेवले होते. तिथे हेन्रिक डाम पिल्लांना स्निग्धांशरहित खाद्य देऊन प्रयोग करीत होते. १९२९ च्या सुमारास त्यांना दिसले की या पिल्लांच्या कातडीखाली रक्त उतरते. १९३५ मध्ये त्यांनी जाहीर केले की रक्त साकळण्यासाठी एक नवे जीवनसत्त्व लागते. रक्त गोठण्याला तिकडच्या भाषेत जो शब्द आहे त्याच्या आद्याक्षरावरून त्याला ‘के’ असे नाव पडले. पुढे त्याचा एक प्रकार लसूणघासेतून वेगळा केला गेला आणि दुसरा कुजवलेल्या मासळीच्या कुट्यातून. निसर्गाचा विनोद पाहा. एका कुळातल्या एका गवतात रक्त साकळवणारे द्रव्य, त्याच्या भाऊबंदात ते रोखणारे. एक कुजल्यावर मारक, दुसरे कुजवल्यावर तारक! या शोधाबद्दल डाम आणि अमेरिकेतील एडवर्ड डॉइझी यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताला पक्के प्रोथ्रॉम्बिन घडवायला जीवनसत्त्व ‘के’ लागते, आणि डायकुमारॉल नेमके त्याच्याच आड येते. म्हणजे विष सापडले तेव्हा उताराही हाताशी होता. माझ्या पथ्याच्या कागदावरच्या मेथी-पालकाचे मर्म हेच. आज बाळ जन्मल्याबरोबर त्याला जी सुई टोचतात, ती याच जीवनसत्त्वाची. तान्ह्याच्या अंगी ते पुरेसे नसते म्हणून.

डॉक्टरांनी डायकुमारॉल लगेच उचलले. जे द्रव्य गाईचे रक्त गोठू देत नाही, ते पायाच्या शिरांत किंवा फुप्फुसात नको तिथे गुठळी होणाऱ्या माणसाला तारक ठरेल, हा तर्क सरळ होता. १९४१ पासून अमेरिकेत त्याचे प्रयोग सुरू झाले. इकडे लिंक यांना १९४५ मध्ये छातीच्या आजाराने आरोग्यधामात पडून राहावे लागले. निजल्या निजल्या त्यांनी उंदीर मारण्याच्या उपायांचा इतिहास वाचून काढला आणि त्यांच्या मनात आले की हे द्रव्य तर उंदरांसाठी नामी! जहाल विषाने एक उंदीर तडफडला की बाकीचे त्या आमिषाला शिवत नाहीत. हे विष सावकाश चढते, त्यामुळे उंदराला संशयच येत नाही. प्रयोगशाळेत अशा द्रव्यांची यादी तयार होती. तिच्यातल्या ४२ व्या द्रव्याची निवड झाली आणि संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या प्रतिष्ठानाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले वॉर्फरिन. १९४८ मध्ये ते बाजारात आले.

उंदरांच्या विषाची गोळी माणसाला कोण देणार? पण १९५१ मध्ये एका अमेरिकन सैनिकाने जिवावर उदार होऊन ते पुष्कळ खाल्ले, आणि रक्त व जीवनसत्त्व ‘के’ देताच तो पुरता बरा झाला. डॉक्टरांची भीड चेपली. १९५४ मध्ये वॉर्फरिन माणसांसाठी मंजूर झाले. दुसऱ्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही ते देण्यात आले. पुढली पन्नाससाठ वर्षे या घराण्याच्या औषधांनीच हे क्षेत्र सांभाळले. आता काही रोगांसाठी नवी औषधे आली आहेत. पण माझ्यासारख्या धातूची झडप बसवलेल्या माणसाला अजून याच जुन्या घराण्याचा आसरा आहे.

या साऱ्या मालिकेत औषधाच्या नावावर प्रतिष्ठानाची मोहोर उमटली, जीवनसत्त्वावर नोबेल आले, लिंक यांचेही रास्त कौतुक झाले. ज्यांनी देठ निवडले त्या पशुवैद्याचे नाव मात्र गोळी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कानी आलेले नसते. त्यांना त्याची खंत होती असे त्यांच्या आयुष्यावरून दिसत नाही. ते १९५५ पर्यंत ग्वेल्फला शिकवीत राहिले. निवृत्त झाल्यावर, १९५८ मध्ये, काठी टेकीत पुन्हा सेऊलला गेले. कोरिया स्वतंत्र झाला होता, दुभंगला होता, युद्धाने होरपळला होता. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठात त्यांनी पशुवैद्यक शिकवले, अनाथ मुलांना आधार दिला, आणि नव्या राज्यकर्त्यांचे चुकते असे वाटले तेव्हा त्यांनाही सुनावले. १२ एप्रिल १९७० रोजी ते वारले. सेऊलच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत, देशभक्तांच्या विभागात, त्यांना जागा देण्यात आली.

इतिहासाच्या माणसाला दोन चरित्रे एका माणसात सापडली की ती जुळवून पाहण्याचा मोह होतो. एक स्कोफील्ड कोरियाच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात आहेत, दुसरे पशुवैद्यकाच्या. दोन्हीकडची पुस्तके एकमेकांचा फारसा उल्लेख करीत नाहीत. मला मात्र दोन्ही ठिकाणी काम करण्याची एकच रीत दिसते. जेआम-रीत काय झाले हे सांगायला अधिकारी बसले होते. स्कोफील्ड राख पाहायला गेले. गाई कशाने मेल्या हे सांगायला साथीच्या रोगांची पुस्तके होती. ते गंजीतले देठ निवडायला बसले. रक्त कोणाचेही सांडो, माणसाचे की गाईचे, ते का सांडले याचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडून घ्यायचे नाही, अशी त्या अधू पायाच्या माणसाची शिस्त होती.

आपल्याकडे परतीच्या पावसात भिजलेल्या कडब्याला बुरशी येते, आणि जुना शेतकरी आजही पेंढी सोडून, हुंगून, काळे पडलेले बाजूला काढून मगच गव्हाणीत टाकतो. ही त्याची सवय कोणत्या प्रबंधातून आलेली नाही. ग्वेल्फच्या प्राध्यापकांनी तीच सवय प्रयोगशाळेत नेली, दोन सशांपुढे दोन मुठी गवत टाकले आणि थांबून पाहिले. पुढचे सारे शोध त्या दोन मुठींतून निघाले.